चार कॉलन्या आणि सत्तेचाळीस वर्षं

१९४४ चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी पेट्री डिश हातात धरून बघत होती. डिशमध्ये ई. कोलाय जंतू पसरून तिनं त्यांच्यावर जंतुनाशक दिव्याची अतिनील किरणं सोडली होती. जंतूंवर काम करायची तिची ही पहिलीच खेप. डोस किती द्यायचा याचा अंदाज नव्हता, आणि तो भलताच जास्त झाला होता. एका प्लेटवर चार कॉलन्या, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले चार ठिपके, उगवल्या होत्या. बाकी सगळं साफ.

आमच्या एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत हाच प्रयोग असतो. दिव्याखाली दहा सेकंद, वीस, तीस, आणि मग आलेख. दर बॅचमध्ये एखादा तरी विद्यार्थी प्लेटचं झाकण काढायला विसरतो आणि सगळे जंतू ठणठणीत बघून चक्रावतो. प्लास्टिकमधून ही किरणं जातच नाहीत. मोजण्याचा नियमही ठरलेला असतो. तीस ते तीनशे कॉलन्या असतील ती प्लेट धरायची, त्याखालची सोडायची. चार कॉलन्यांच्या प्लेटवर जर्नलमध्ये ‘मोजण्याइतक्या नाहीत’ असा शेरा पडतो आणि ती दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये जाते. मी स्वतः अशा कितीतरी प्लेट घालवल्या आहेत.

एव्हलिन विटकिन यांनी ती प्लेट घालवली नाही. त्या १९९१ मध्ये निवृत्त झाल्या, तोवर त्यांच्या कामाचा धागा मागे मागे ओढत नेला तर त्याच चार कॉलन्यांपाशी पोचतो. जंतूंच्या जनुकशास्त्रातलं एक सबंध करिअर एकाच प्रश्नाभोवती कसं उभं राहतं, आणि तो प्रश्न मध्ये वीस वर्षं कसा पडून राहतो, हे बघायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

त्या मुळात कोल्ड स्प्रिंग हार्बरला पोचल्या त्यातही थोडा अपघात होता. १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मिसुरी विद्यापीठाशी सामना ठरला. समोरच्या संघाला कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नव्हता, म्हणून न्यूयॉर्कनं आपल्या लेनर्ड बेट्सला घरी ठेवायचं कबूल केलं. विद्यार्थी चिडले, ‘बेट्स खेळलाच पाहिजे’ अशी मोहीम उभी राहिली, आणि तिच्या पुढारपणाबद्दल १९४१ मध्ये सात जणांना विद्यापीठानं काही महिन्यांसाठी निलंबित केलं. त्या सातांत एव्हलिन होत्या. पदवी लांबली. पुढचं शिक्षण तिथेच घ्यायचा बेत सोडून त्या कोलंबिया विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्कींकडे गेल्या. निलंबन झालं नसतं तर डोबझान्स्की भेटले नसते, हे त्या पुढे मजेनं सांगत. विद्यापीठाला या सातांचा जाहीर सन्मान करायला मात्र २००१ साल उजाडलं.

कोलंबियात येताना त्यांच्या डोक्यात सोव्हिएत शेतीतज्ज्ञ लायसेन्को होता. परिस्थितीनं घडवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, या त्याच्या दाव्याचं त्या पिढीतल्या डाव्या विचारांच्या तरुणांना भारी आकर्षण. डोबझान्स्की स्वतः रशियातून आलेले, त्यांनी तो भ्रम यथावकाश उतरवला. तेवढ्यात १९४३ मध्ये साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांचा गाजलेला शोधनिबंध आला. जंतूंनाही जनुकं असतात आणि फळमाशीसारखीच त्यांच्यात उत्परिवर्तनं, म्हणजे पुढच्या पिढीत उतरणारे जनुकांतले बदल, होतात, हे तोवर गृहीत धरलं जात नव्हतं. या दोघांनी निव्वळ मोजणी आणि आकडेमोड करून दाखवलं की फेज या जंतूंना मारणाऱ्या विषाणूला दाद न देणारे जंतू फेज भेटण्याच्या आधीच, आपोआप, तयार झालेले असतात. तो निबंध वाचला आणि एव्हलिन यांचं ठरलं, फळमाशी नको, जंतू. डोबझान्स्कींनी त्यांना मिलिस्लाव डेमेरेक यांच्याकडे कोल्ड स्प्रिंग हार्बरला धाडलं. डेमेरेक यांनी काम सांगितलं ते एवढंच, की जंतूंमध्ये उत्परिवर्तनं घडवून बघ.

म्हणजे त्या प्लेटपाशी उभं राहताना त्यांच्या हातांना सवय नव्हती, पण डोक्यात लुरिया-डेलब्रुक ताजे होते. फेजमधून वाचलेले जंतू जर जन्मतःच वेगळे असतात, तर किरणांमधून वाचलेले हे चारही तसेच असतील का? त्यांनी त्या कॉलन्या वाढवल्या आणि पुन्हा दिव्याखाली धरल्या. मूळ जंतू ज्या डोसला मरत होते त्याला हे सहज पुरून उरले. मूळ वाणाचं नाव बी, म्हणून या किरण-प्रतिरोधी वाणाचं नाव बी/आर. लुरिया-डेलब्रुक यांच्याच पद्धतीनं त्यांनी हेही दाखवलं की हा बदल किरणांनी घडवलेला नाही, तो आधीपासून होता. किरणांनी फक्त निवड केली. १९४६ मध्ये हे छापून आलं, १९४७ मध्ये पीएच.डी. झाली.

दुसरं कोणी असतं तर प्रकरण इथे मिटलं असतं. प्रतिरोधी वाण मिळाला, शोधनिबंध झाला, पुढचा विषय. विटकिनबाईंनी उलट्या बाजूनं विचारलं: हे चार का जगले हे बाजूला ठेवू, बाकीचे कशानं मेले?

त्यासाठी त्यांनी किरणांचा बेताचा डोस दिलेले जंतू आगरच्या जेलीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि तासातासानं बघत राहिल्या. ई. कोलाय म्हणजे आखूड काडी. वाढते, मध्ये आवळते, दोन होतात. वीसेक मिनिटांत एक फेरी. बी/आरच्या काड्या थोडा वेळ थबकल्या आणि मग रीतसर दुभंगू लागल्या, दोनाचार तासांत त्यांचे छोटे पुंजके दिसू लागले. बी वाणाच्या काड्या मात्र दुभंगेनात. पण त्या मेलेल्याही नव्हत्या. वाढत होत्या, लांब होत होत्या, शेवयांसारख्या लांबच लांब, वळणं घेत पसरलेल्या. आत डीएनए तयार होतोय, प्रथिनं तयार होतायत, फक्त मध्ये भिंत पडत नाही. अशा कितीतरी शेवया शेवटी तशाच मरतात.

हे बघणं माझ्या मते त्या चार कॉलन्यांपेक्षा मोठं. किरणांनी जंतूचं काही तरी मोडलं आणि तो मेला, अशी साधी समजूत होती. इथे दिसत होतं की मोडतोड फार नसतानाही जंतू स्वतःच स्वतःचं विभाजन अडवून बसलाय, आणि त्यातच त्याचा जीव जातोय. बी/आरला हा अडसर नव्हता. अडसर कसला, ते सांगायला १९४७ मध्ये भाषाच नव्हती. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना यायला सहा वर्षं होती. जनुकं चालू-बंद होतात ही कल्पना त्याहून पुढची. प्रश्न फळीवर गेला.

मधल्या वर्षांचं बरंचसं दोन-चार वाक्यांत आटोपतं. कार्नेगी संस्थेत नोकरी, दोन मुलं. पहिल्या मुलाच्या वेळी त्या नोकरी सोडायला निघाल्या होत्या. संस्थेनं अर्धवेळ कामाची मुभा दिली. १९४९ मध्ये बाईमाणसाला संशोधनात अशी सोय मिळणं हे आजच्या कित्येक संस्थांच्याही पुढचं होतं. ती मिळाली नसती तर यापुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या आवारातच मक्यावर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक होत्या, त्यांच्याशी गट्टी जमली. १९५५ मध्ये ब्रुकलिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा मांडली, १९७१ मध्ये न्यूजर्सीला रटगर्स विद्यापीठाच्या डग्लस कॉलेजात.

ब्रुकलिनच्या पहिल्या वर्षांतली एक गोष्ट मात्र सोडवत नाही. किरणं दिल्यानंतर लगेच जंतूंना थोडा वेळ अर्धपोटी ठेवलं, प्रथिनं बनवण्याला खीळ घातली, तर नंतर दिसणाऱ्या उत्परिवर्तनांची संख्या झपाट्यानं घटते, असं त्यांना १९५६ मध्ये आढळलं. साधी गोष्ट वाटते. तिचा अर्थ असा की किरण आदळतो त्या क्षणी उत्परिवर्तन होत नाही. घाव होतो. घाव आणि उत्परिवर्तन यांच्यामध्ये अवधी असतो, आणि त्या अवधीत पेशी घाव पुसूनही टाकू शकते. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा उघडपणे दाखवून देणारे प्रयोग १९६४ मध्ये झाले. आठ वर्षं आधी तिची चाहूल या घटीत लागली होती. आणि या घटीमागचं प्रथिन हाती आलं ते अझीझ सँकार यांच्या प्रयोगशाळेत. जनुक वाचलं जात असताना वाटेत घाव लागला की दुरुस्तीवाल्यांना तिथे बोलावणारं प्रथिन. १९९१ च्या त्या शोधनिबंधावर विटकिनबाईंचंही नाव आहे. पस्तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच निरीक्षणाचं उत्तर निवृत्तीच्या वर्षी छापायला मिळणं, हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

साठच्या दशकात आणखी एक विचित्र गोष्ट समोर आली. लेक्स नावाच्या जनुकात बिघाड असलेले काही वाण किरणांनी पटापट मरत, पण जे जगत त्यांच्यात उत्परिवर्तनं जवळजवळ दिसतच नसत. रेक-ए जनुक बिघडलेल्यांचंही तेच. घाव तर सगळ्यांनाच सारखे बसलेले. मग उत्परिवर्तन ही निव्वळ घावाची खूण कशी म्हणायची? पेशी स्वतः काही तरी करते, आणि ते करताना चुका होतात. मरायचं किंवा चुकतमाकत जगायचं, एवढेच दोन पर्याय उरले की ती चुकांचा रस्ता धरते.

आणि आता फळीवरचा प्रश्न खाली आला. प्रयोग करून नव्हे, वाचता वाचता.

काही ई. कोलायच्या डीएनएत लॅम्डा नावाचा फेज दडून बसलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या तो निपचित असतो, कारण त्याचंच एक प्रथिन, रिप्रेसर, त्याची जनुकं दाबून ठेवतं. असल्या दडलेल्या फेजच्या जंतूंवर अतिनील किरणं सोडली की फेज जागा होतो, शेकड्यानं वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो, हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं. बुडणाऱ्या जहाजावरून उंदरानं उडी मारावी तसं.

विटकिनबाईंच्या लक्षात आलं की फेजला जागं करणाऱ्या गोष्टी आणि बी वाणाच्या शेवया करणाऱ्या गोष्टी त्याच त्या आहेत. अतिनील किरणं, हे ठीक. पण मायटोमायसिन सी हे औषधही, आणि थायमिन या डीएनएच्या घटकाची उपासमारसुद्धा. यातल्या शेवटच्या दोहोंचा किरणांशी काही संबंध नाही, समान काय ते डीएनएच्या कामात घोळ. उलट बाजूही जुळत होती. किरणांनंतर दृश्य प्रकाश दाखवला तर घाव भरून निघतात, हे अल्बर्ट केल्नर यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच १९४९ मध्ये दाखवलं होतं. त्या प्रकाशानं शेवयाही कमी होत आणि फेजही जागा होईनासा होई. (म्हणूनच आम्ही प्रात्यक्षिकात किरणं दिलेल्या प्लेट लगेच काळ्या कागदात गुंडाळतो. एका वर्षी गुंडाळायच्या राहिल्या आणि खिडकीच्या उन्हानं आमचा आलेख पार आडवा केला.)

दोन रोगांची लक्षणं दरवेळी जोडीनं येत असतील तर डॉक्टर मूळ एकच शोधतो. १९६७ च्या शोधनिबंधात विटकिनबाईंनी तेच मांडलं. पेशीचं विभाजन अडवणारं एक जनुक असलं पाहिजे, एरवी ते एका रिप्रेसरनं दाबलेलं असतं, तो रिप्रेसर लॅम्डाच्या रिप्रेसरसारखाच असावा, आणि डीएनएला इजा झाली की एकाच कारणानं दोघेही निकामी होत असावेत. यातला एकही रेणू तेव्हा त्यांच्या हातात नव्हता. हे सगळं जुन्या निरीक्षणांची मांडणी करून काढलेलं अनुमान होतं. विज्ञानाच्या वर्गात आपण प्रयोगांचं कौतुक करतो, पण दोन वेगळ्या खोल्यांतल्या माणसांच्या वह्या शेजारी ठेवून वाचणं हेही तितकंच अवघड काम आहे.

त्याच सुमारास मिरोस्लाव रॅडमन हा तरुण क्रोएशियन शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेनं त्याच जागी येत होता. त्यानं १९७० मध्ये काही संशोधकांना एक टिपण धाडलं. इजा झाल्यावर पेशी चुका करणारी, पण जीव वाचवणारी एखादी यंत्रणा चालू करत असावी, असं त्यात म्हटलं होतं. संकटातल्या जहाजाचा संदेश आठवून त्यानं नाव सुचवलं एसओएस. विटकिनबाईंना ते पटलं, इतकंच नाही तर त्यांनी ते तपासायची युक्ती शोधली. टिफ नावाचं एक उत्परिवर्तन माहीत होतं. त्याच्या जंतूंना नुसतं बेचाळीस अंशांवर ठेवलं की डीएनएला काही इजा नसतानाही शेवया होत आणि फेज जागा होई. मग अशा जंतूंना किरणांचा थोडासाच डोस देऊन ऊब दिली तर उत्परिवर्तनं वाढतील का? वाढली. १९७४ चा हा निकाल. उत्परिवर्तन घडवणारी क्षमतासुद्धा त्याच कळीनं चालू होते, हे ठरलं. १९७६ मध्ये त्यांनी या सगळ्याचा जो लांबलचक आढावा लिहिला, तो पुढे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकानं वाचला.

नंतरच्या दहा वर्षांत इतरांनी रेणू हातात धरून दाखवले, आणि चित्र जवळजवळ तसंच निघालं. डीएनएची नक्कल करणारं यंत्र घावापाशी अडखळलं की एकेरी धाग्याचा तुकडा उघडा पडतो. रेक-ए प्रथिन त्यावर माळेसारखं चढतं. ही माळ लेक्स-ए या रिप्रेसरला भिडली की तो स्वतःलाच मध्यावर तोडतो. लॅम्डाचा रिप्रेसरही अगदी तस्साच तुटतो. लेक्स-एनं दाबलेली चाळीसहून अधिक जनुकं मोकळी होतात. आधी नीट दुरुस्ती करणारी चालू होतात. तेवढ्यानं भागलं नाही तर शेवटी पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल करणारं प्रथिन, त्यातलं एक बेफिकीर येतं, जे घावावरून जे हाती लागेल ते अक्षर घालत पुढे जातं. उत्परिवर्तनं होतात ती इथे.

लायसेन्कोची आठवण इथे येतेच. परिस्थितीचा ताण वंशपरंपरेत बदल घडवतो, हे वाक्य आता एका अर्थी खरं ठरलं होतं, पण लायसेन्कोच्या अर्थानं मुळीच नाही. ताणानं बदलांचं प्रमाण वाढतं, दिशा ठरत नाही. हव्या त्या बदलाची पेशीला काहीच कल्पना नसते.

या यंत्रणेचं आपल्या दवाखान्यांशीही नातं आहे. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळून जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन जंतूचा डीएनए तोडतं, म्हणजे एसओएसची हीच धोक्याची घंटा वाजवतं. १९९२ मध्ये तेव्हाच्या मद्रासला मिळालेल्या ओ१३९ या कॉलऱ्याच्या जंतूत एसएक्सटी नावाचा, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं वाहून नेणारा डीएनएचा फिरता गठ्ठा सापडला. त्याचा रिप्रेसर लॅम्डाच्याच घराण्यातला. २००४ मध्ये असं दिसलं की सिप्रोफ्लॉक्सॅसिननं घंटा वाजली की हा गठ्ठा दुसऱ्या जंतूत अधिक उड्या मारतो. म्हणजे औषधच प्रतिरोधाच्या वाहतुकीला हिरवा दिवा दाखवतं. अर्धवट गोळ्या घेणाऱ्यांना मी हे सांगून बघतो; फारसा परिणाम होत नाही.

२०१५ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, विटकिनबाईंना वैद्यकीय संशोधनासाठीचं लास्कर पारितोषिक मिळालं. मानवी पेशींतल्या अशाच प्रतिसादावर काम करणारे स्टीफन एलेज जोडीला होते. २०२३ च्या जुलैमध्ये एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या.

आता त्या चार कॉलन्या. विभाजन अडवणारं जे जनुक विटकिनबाईंनी १९६७ मध्ये नुसतं कल्पनेनं मांडलं होतं, ते सापडलं. त्याचं नाव सुल-ए. लेक्स-ए तुटला की सुल-ए प्रथिन बनतं आणि पेशीच्या मध्यावर भिंत घालणाऱ्या कड्याला चिकटून ते कडं जुळू देत नाही. दुरुस्ती होईस्तोवर थांबा, इतकाच त्याचा निरोप. काम झालं की लॉन नावाचं प्रथिन सुल-एला चघळून टाकतं आणि विभाजन पुन्हा सुरू होतं. ई. कोलाय बी वाणात लॉन नाही. ब्रेक लागतो, सुटत नाही, शेवया होतात. बी/आरमध्ये सुल-एच बिघडलेलं, ब्रेकच लागत नाही. प्रयोगशाळांतला दुसरा नेहमीचा वाण, के-१२, डेमेरेक यांच्याकडून हाती पडला असता तर त्यात लॉन शाबूत आहे. मग ना शेवया दिसल्या असत्या, ना त्या प्लेटवर नेमक्या या चौघांना एवढा फायदा झाला असता.

बी वाणाचा वंश अजून चालू आहे. आमच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये दुसऱ्या खणात त्याच्या वंशातल्या बीएल२१ च्या नळ्या आहेत. प्रथिनं बनवून घ्यायला जगभर तोच वापरतात, कारण त्याच्यात लॉन नाही आणि त्यामुळे बनवलेलं प्रथिन चघळलं जात नाही. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं विचारलं, सर, आपण हाच वाण का घेतो? मी नळी हातात घेतली आणि १९४४ पासून सुरुवात केली. नळी वितळायला लागली तेव्हा तिनंच ती माझ्या हातातून घेऊन बर्फात खोचली.